राणीची बैठक

माझ्या दोन्ही कोपरांवर सोरायसिसचे चट्टे आहेत. कॉलेजात असल्यापासून मी पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालते, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा. ऑफिसात कुणी विचारलं की सांगायचं, एसी सोसत नाही. एसीची हवा माझ्या टेबलापर्यंत कधी आलीच नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी तसं बोलून दाखवलं नाही.

डॉक्टर करून झाले तेव्हा एका शेजारणीने गंधकाच्या झऱ्याचं सांगितलं. काटोलच्या पुढे, संत्र्यांच्या बागा संपतात तिथे टेकडीच्या पायथ्याशी कोमट पाणी निघतं. मी रविवारी बसने जाऊ लागले. तेव्हा तिथे दगडांनी बांधलेलं एक लहानसं कुंड होतं, उकडलेल्या अंड्यासारखा वास होता, आणि कुंडातला गाळ काढणारे एक बाबाजी होते. त्यांना ते काम कुणी सांगितलेलं नव्हतं. घरचं अंगण झाडावं तसे ते गाळ काढत.

झऱ्याची हकिगत मला त्यांनीच सांगितली. कुंडाच्या काठाला एक काळा दगड होता, मधोमध परातीएवढा खोलगट. त्यावर तळहात टेकून ते म्हणाले, "हा माह्या आजीचा दगड हाय, बाई. गावानं हाकललेले रोगी इथं येऊन राहात. त्याईच्या अंगाले कोणी हात लावत नव्हतं. माही आजी या दगडावर कडुनिंबाचा पाला वाटे अन् आपल्या हातानं त्याईच्या पाठीले चोळे. गावानं तिलेबी वाळीत टाकलं. वाटून वाटून दगड असा झाला."

मी ऐकून घेतलं. कुंडात माझ्या बाह्या भिजत होत्या, तरी वर केल्या नाहीत.

पुढे गावाने झरा सुधारायला घेतला. मी दिवाळी अंकांतून अधूनमधून लिहिते हे सरपंचांना कुठूनसं कळलं. म्हणाले, "पाटीवर इतिहास पाहिजे, बाई. असा लिहा का नागपूरची मंडळी गाड्या काढून येतीन."

पहिल्या मसुद्यात आजी होती. लिहून झाल्यावर वाचला आणि माझेच कोपर खाजायला लागले. रोग्यांचं कुंड म्हटल्यावर कोण येणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते काही खरं कारण नव्हतं. रोग्यांच्या पाण्यात मलाच उतरायचं नव्हतं. राणीच्या पाण्यात उतरायला माझी ना नव्हती. मग मी नागपूरची एक राणी आणली, तिला मेण्यात बसवलं, तिची कांती उजळवली आणि त्या खोलगट दगडाची 'राणीची बैठक' करून टाकली. अर्ध्या तासात काम झालं. इतकं सरसर मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही.

पाटी संगमरवरी झाली. लोक खरंच गाड्या काढून आले. मी मात्र दोन वर्षं तिकडे फिरकले नाही. घरी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं, पण बाबाजींना तोंड दाखवायची लाज वाटत होती. एकदा सरपंचांना भीतभीत फोन केला, पाटी बदलू या का म्हणून. ते हसले. "आता राणीले कोण हालवन, बाई?"

मागच्या हिवाळ्यात शेवटी गेले. दगडाभोवती साखळी लागली होती. बाबाजी काठी टेकत काठाशी आले आणि साखळीवरून वाकून त्यांनी दगडावर हात ठेवला.

"ओ बाबाजी, बैठकीले हात नका लावू!" पहारेकरी ओरडला.

त्यांनी चटकन हात मागे घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्याजवळ पायरीवर जाऊन बसले आणि म्हटलं, "बाबाजी, ते पाटीवरचं मी लिहिलंय."

"मालूम हाय ना. नातीनं वाचून दाखवलं. चांगलं लिहिलं तुमी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माही आजी जराशी बढाईखोर होती, हे मले आता समजलं. दगड आपल्याच हातानं झिजला म्हणे ते. मीबी जिंदगीभर तेच सांगत फिरलो. तुमालेबी सांगतलं. माफ करा, बाई."

मी बाह्या कोपरांच्या वर सारल्या. चारचौघांत, पहिल्यांदाच. "आजी खरी होती, बाबाजी. राणी खोटी आहे. मी मनाने लिहिली. हे चट्टे आहेत ना, यांच्या लाजेने लिहिली."

त्यांनी चट्टे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना माझी दया आली होती. "काहून एवढं लावून घेता? माह्या मनाले बरं वाटावं म्हणून बोलून राहिल्या तुमी. शिकलेलं मानूस दगडावर खोटं कोरन का?"

असं म्हणत त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि माझ्या कोपरावर चोळू लागले. अंगठा गोल फिरवत, कडेकडेने आत, जराही न बिचकता. माझ्या चट्ट्यांना डॉक्टरांनीसुद्धा हातमोजे घालूनच हात लावला होता.

"हे असं चोळायला कुणी शिकवलं, बाबाजी?"

"आजीनं," ते म्हणाले, आणि पहारेकऱ्याने ऐकलं तर नाही ना, म्हणून वळून पाहिलं.