दोन कार्डं, एक फाईल

मोठ्या दवाखान्याच्या तळघरात, पेशंटांच्या जुन्या फायली ठेवायच्या तिथं, त्यांनी बत्तीस वर्षं काढली. डॉक्टरांपासून झाडलोट करणाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना रेकॉर्डबाई म्हणत; खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. खिडकीतून कुणी पेशंटचं नाव पुकारलं की बाई लाकडी पेटीतून त्या नावाचं कार्ड काढत. कार्डावर आजाराबद्दल एक अक्षर नसायचं. नुसतं 'खोली दोन, कपाट सात, खण चार.' मग खोली दोनमध्ये जायचं, सात नंबरच्या कपाटाला गुडघ्यानं धक्का द्यायचा, कारण त्याशिवाय ते उघडायचंच नाही, आणि फाईल हजर.

निवृत्त झाल्या आणि घरात त्यांचं मन रमेना. स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर देऊन झाले, मुलाचे मोजे जोडीनं लावून झाले. शेवटी सून हसत म्हणाली, "आई, आता मला तरी नंबर देऊ नका."

या सुनेचं शिक्षण लग्नामुळे अर्ध्यावर राहिलं होतं. नात शाळेत जायला लागली तेव्हा रेकॉर्डबाईंनीच सुनेला प्रोग्रॅमिंगच्या वर्गाला पाठवलं. "पोरीला मी बघते. तू जा. मागं वळून बघू नकोस," एवढंच म्हणाल्या. सूनही हुशार निघाली. दोन महिने सगळं सुरळीत चाललं होतं.

मग एका दुपारी ती वर्गावरून आली, बॅग खुर्चीत टाकली आणि तडक ओट्याशी जाऊन पातेलं घासू लागली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"कुठं काय?"

"ते पातेलं मी सकाळीच घासलंय. काय झालं?"

सुनेनं नळ बंद केला. डोळे भरून आले होते. चाचणीत पंचवीसपैकी सात मार्क मिळाले होते. "पॉइंटर म्हणून एक भानगड आहे, आई. वर्गातली अठरा-अठरा वर्षांची मुलं चटाचट सांगतात आणि मी ठोंब्यासारखी बसते. माझं वय गेलं आता. सोडून देते मी."

"सोडायचं तर सोड. पण काय सोडतेस ते मला दाखव तरी."

सुनेनं नाइलाजानं वही उघडली. कॉम्प्युटरच्या स्मृतीत गुणांची एक जागा होती, तिच्यात चाळीस हा आकडा. 'प' नावाच्या पॉइंटरमध्ये त्या जागेचा पत्ता. मग 'क' नावाचा दुसरा पॉइंटर, त्यातही 'प'मधलाच पत्ता उतरवलेला. पुढं 'क'मधल्या पत्त्यावर जाऊन पंचावन्न लिहिले. आता 'प'मधल्या पत्त्यावर काय सापडेल?

"मी लिहिलं चाळीस. 'प'ला तर कुणी हातसुद्धा लावला नव्हता! पण उत्तर पंचावन्न. का, तेच कळत नाही."

रेकॉर्डबाईंनी वहीतल्या ओळींवरून बोट फिरवलं. मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.

"तुला एक सांगते. घरात कुणाला सांगितलेलं नाही. मी नोकरीला लागले त्या वर्षीची गोष्ट. एक शिक्षिका आली. लग्नाआधी तिची फाईल होती माहेरच्या नावानं. आता नाव बदललेलं. त्या नावाचं कार्ड काही सापडेना. मी नवी, घाबरट. जुनं नाव विचारायचं सोडून सरळ नवी फाईल केली, नवं कार्ड केलं. वर दिली पाठवून."

"मग?"

"जुन्या फायलीत लाल अक्षरात लिहिलं होतं, अमुक इंजेक्शन हिला चालत नाही. नवी फाईल कोरी. नर्सनं कोरी फाईल बघितली आणि दिलं इंजेक्शन. मी जिन्यात होते. वर पळापळ ऐकू आली. बाईचा श्वास अडकला होता, ओठ निळे पडले होते." रेकॉर्डबाईंचा आवाज खाली गेला. "वाचली ती. डॉक्टर जागेवर होते म्हणून वाचली. मी दोन दिवस जेवले नाही."

सुनेनं नकळत त्यांचा हात धरला.

"मग मी तीन महिने बसून अशा सगळ्या दुहेरी फायली शोधल्या. प्रत्येक बाईची फाईल एकच ठेवली. कार्डं मात्र दोन, एक माहेरच्या नावाचं, एक सासरच्या. दोन्हीवर पत्ता तोच, खोली दोन, कपाट सात. आता सांग, सासरच्या कार्डावरून जाऊन डॉक्टरांनी फायलीत काही लिहिलं, तर माहेरच्या कार्डावरून जाणाऱ्याला ते दिसेल का नाही?"

"दिसेलच की. फाईल एकच..." सून बोलता बोलता थांबली. वहीकडं बघितलं. पुन्हा सासूकडं बघितलं. "म्हणजे 'प' आणि 'क' ही नुसती कार्डं! मी कार्डाला हात लावला नाही म्हणून फाईल तशीच राहील असं धरून बसले होते."

"मला तुझं ते 'प' आणि 'क' कळत नाही. फायली कळतात."

त्या दिवशी सुनेनं चहा उकळून आटेपर्यंत वही सोडली नाही. फेरचाचणीत तिला एकोणीस मिळाले. वर्षअखेरच्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, नक्कल पाठवणं आणि पत्ता पाठवणं यात फरक काय? तिनं सासूचं नाव न घेता त्या शिक्षिकेची गोष्ट सांगितली: फायली दोन झाल्या की एकीतलं दुसरीत दिसत नाही; फाईल एक आणि कार्डं दोन असली की दिसतं. सर म्हणाले, "हे मी पुढच्या वर्गाला सांगितलं तर चालेल?" तिनं घरी फोन करून आधी सासूला विचारलं. बाई म्हणाल्या, "सांगू देत. कुणी तरी सावध होईल."

पुढं सुनेला एका छोट्या कंपनीत काम मिळालं. सुट्टीच्या सकाळी ती सासूला कॉम्प्युटरसमोर बसवू लागली. रेकॉर्डबाई एका बोटानं, अक्षर शोधत टाइप करायच्या. पहिल्यांदा जागेचा पत्ता पडद्यावर उमटवला तेव्हा भलामोठा आकडा आला. त्यांनी तो चष्मा पुसून वहीत उतरवून घेतला. प्रोग्रॅम पुन्हा चालवला तर आकडा निराळाच.

"अगं, हे काय? याचं कपाट रोज हलतं की काय?"

"हो आई. मशीन जिथं जागा मिळेल तिथं ठेवतं. दर वेळी नवीन."

"आणि तरी सापडतं?"

"पॉइंटरला विचारलं की सापडतं."

रेकॉर्डबाईंनी वहीतला आकडा खोडला. "भारी आहे तुमचा रेकॉर्डवाला," त्या म्हणाल्या आणि खुर्ची आणखी पुढं ओढून घेतली. "चल, पुढचं दाखव."