बॉस्टनहून आणलेल्या पाच पुड्या

आयर्लंडमधल्या नावन गावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारं जोडपं ऐंशीच्या घरातलं आहे. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानेच हाक मारते, पण मनातल्या मनात ते आजोबा आणि आजीच आहेत. आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्या अंगणातलं वाढलेलं गवत बघून आजोबा काही न विचारता स्वतःचं यंत्र घेऊन आले आणि कापायलाच लागले. तेव्हापासून येणं-जाणं आहे.

एका शनिवारी सकाळी ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा काखेत घेऊन दारात उभे राहिले.

"तू कारखान्यात पाकिटं तपासतेस ना?"

तपासते खरी. मी वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात आहे. निर्जंतुक केलेलं उपकरण ज्या पाकिटात बंद होतं, त्याचं सील शाबूत आहे की नाही हे बघणं माझं काम. माझ्या सासूबाई पुण्यात सगळ्यांना सांगतात, "आमची सून तिकडे पिशव्या बघते."

डब्यात बेसबॉलच्या कार्डांच्या पाच पुड्या होत्या, मेणकागदात गुंडाळलेल्या, कधीच न उघडलेल्या. आत खेळाडूंचे फोटो असलेली कार्डं आणि सोबत च्युइंगमची एक पट्टी. आजोबा तरुणपणी बॉस्टनला बांधकामावर होते. त्यांच्या खोलीखालीच आयर्लंडच्याच डोनेगल भागातल्या एका माणसाचं दुकान होतं. आजोबा कायमचे परत निघाले तेव्हा त्याने निरोपाची भेट म्हणून या पुड्या त्यांच्या खिशात कोंबल्या. तो पुढे तिकडेच वारला. आजोबांनी पुड्या उघडल्या नाहीत. उघडल्या की संपल्या, असं त्यांना वाटायचं.

आता गावातल्या क्लबला खेळाडूंसाठी कपडे बदलायची खोली बांधायची होती आणि त्यासाठी लिलाव ठेवला होता. आजोबांनी पुड्या देऊ केल्या. लिलाव सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, अस्सल आहेत ना? लोक म्हणे जुनी पुडी हळूच उघडतात, चांगली कार्डं काढून घेतात आणि पुन्हा चिकटवून ठेवतात.

"मला कार्डांतलं काही कळत नाही," मी म्हटलं. "पुडी आधी कुणी उघडलीय का, एवढं कदाचित सांगता येईल."

"तेवढंच सांग."

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी स्वच्छ पंचा पसरला आणि फोनचा टॉर्च आडवा धरून एकेक पुडी भिंगाखाली घेतली. मेणकागदाची घडी मागच्या बाजूने यंत्राने गरम करून दाबलेली असते. मेण वितळतं आणि तिथे एक सरळ ठसा उमटतो. चार पुड्यांवर तो ठसा अगदी सारखा होता. कानाशी धरून हलवल्या की आत वाळून तुकडे झालेल्या च्युइंगमचा बारीक आवाज यायचा.

पाचवी हलवली तर काही वाजेना. मागे मेण घडीच्या बाहेरपर्यंत पसरलं होतं. जुन्या घडीची रेघ एकीकडे आणि आत्ताची घडी तिच्यापासून किंचित सरकलेली.

"या चार मला ठीक वाटतात," मी म्हटलं. "ही मात्र कुणीतरी उघडून पुन्हा बंद केलीय."

आजोबांनी ती हातात घेतली. बराच वेळ उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे त्याने मला उघडलेली पुडी दिली?" ते हळूच म्हणाले. "निघताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं गं. आणि चांगली कार्डं काढून घेऊन..."

सील बिघडलेलं पाकीट मी रोज बाजूला काढते, पण त्याने कधी कुणाच्या मित्राबद्दल शंका निर्माण होत नाही.

आजी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. किटली केव्हाच बंद झाली होती, तरी त्या कप भरत नव्हत्या.

"त्या बिचाऱ्याला काही बोलू नकोस," त्या वळून म्हणाल्या. "मी उघडली."

"तू?"

"थोरलीच्या वेळी दिवस गेले होते मला. बाहेर बर्फ, तू कामावर, आणि काहीतरी गोड खायची अशी इच्छा झाली की जीव जातोय असं वाटलं. घरात साखरेचा कणसुद्धा नव्हता. मला माहीत होतं, त्यात च्युइंगम असतं."

"आणि मग?"

"मग काय, खाल्लं. आणि वर पंचा ठेवून इस्त्री फिरवली."

मला वाटलं, आता आजोबा चिडतील. इतकी वर्षं स्वयंपाकघरातल्या कपाटात त्यांनी तो डबा देवासारखा जपला होता.

"कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"खडू चावल्यासारखं. पण शेवटचा तुकडासुद्धा ठेवला नाही मी."

आजोबा हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, आजींनी पाणी दिलं, आणि मग दोघंही हसायला लागले. मीही.

"म्हणजे ही लिलावात देता येणार नाही," आजोबा डोळे पुसत म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही खंत नव्हती. "मग ही मी उघडू?"

"तुझीच आहे," आजी म्हणाल्या.

त्यांनी घडीखाली नख घातलं. आपण काहीतरी मनाईचं करतोय, असा त्यांचा चेहरा झाला होता. आतली कार्डं जशीच्या तशी होती, फक्त सगळ्यात वरच्या कार्डावर च्युइंगमचा तपकिरी डाग. ते एकेक नाव मोठ्याने वाचत गेले. एका नावाशी थांबले. "याला मी प्रत्यक्ष खेळताना पाहिलंय! दुकान लवकर बंद करून तोच मला घेऊन गेला होता. सगळ्यात मागच्या रांगेत बसलो होतो आणि मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं."

"मग ओरडायचं कधी, हे कसं कळायचं?" मी विचारलं.

"तो ओरडला की मीही ओरडायचो."

चार पुड्या लिलावात गेल्या. चांगल्या घरी गेल्या, असं आजोबा सांगतात, जणू मांजराची पिल्लंच दिली. पाचवीतली कार्डं त्यांच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेली आहेत. परवा मी साखर मागायला गेले, तर आजोबा टेबलावर चमचे मांडून बेसबॉलचे नियम समजावून सांगत होते. आजींनी मला बघून खुर्ची पुढे ओढली.

"बस," त्या म्हणाल्या. "मी एकटीनेच का ऐकायचं?"