माझ्या मागे लागलेलं विमान

चहा येईपर्यंत सांगूनच टाकतो. नाहीतरी हा किस्सा आमच्या सौ.कडून तुमच्या कानावर येणारच आहे, आणि ती तो तिखटमीठ लावून सांगते. माझ्याकडून ऐकलात तर निदान तिखट तरी कमी लागेल. लाज वाटायची म्हणाल, तर आता तिचाही कंटाळा आलाय.

तर मी विमान चालवतो. हसू नका! छोटंसं, एका पंख्याचं, आपल्या नाशिकच्याच एका फ्लाइंग क्लबचं. पन्नाशीनंतर लोक योगासनं करतात, मी लायसन काढलं. सातपूरला माझा पंपाच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. तिथे दिवसभर एकतर लाइट जाते, नाहीतर कामगार जातात, आणि दोन्ही असतील तर गिऱ्हाईक जातं. वर आभाळात तासभर कोणी गाठत नाही, एवढंच काय ते सुख.

पण ते सुख आमच्या मुग्धाला बघवलं नाही. मुग्धा म्हणजे माझी मुलगी, पुण्यात नोकरी करते. तिने वाढदिवसाला मला एक डबी पाठवली. ही डबी विमानाच्या काचेला चिकटवायची आणि टॅबलेटला जोडायची. मग आसपास कुठली विमानं उडताहेत ते नकाशावर दिसतं. कोणी फार जवळ आलं की टॅबलेट ओरडतो, "ट्रॅफिक! ट्रॅफिक!" पाऊस कुठे आहे तेही त्याच नकाशावर.

"बाबा, आधी त्यात आपल्या विमानाचा नंबर टाका हं. विसरू नका," मुग्धाने फोनवर बजावलं.

हो म्हणालो. पण मला सांगा, दिवसभरात किती यंत्रं आपल्याला काय काय टाका म्हणतात? बँक म्हणते ओटीपी टाका, फोन म्हणतो पासवर्ड टाका, परवा गीझरसुद्धा काहीतरी मागत होता. थकलो हो मी! म्हणून मी सगळीकडे एकच करतो, 'नंतर' असं बटण असतं ना, ते दाबतो. इथेही तेच दाबलं.

आता आप्पांकडे येऊ. आप्पा म्हणजे कळवणचे कांद्याचे व्यापारी. त्यांचा मुलगा आणि आमची मुग्धा एकाच ऑफिसात. दोघांचं आपसात ठरलेलं, आमच्या घरचं ठरलेलं, अडलं होतं ते फक्त आप्पांपाशी. "पोरगी चांगली हाय, पण घर बघतो, माणसं बघतो, मग बोलतो," असं म्हणून ते आमच्याकडे मुक्कामी आले. मुग्धा पुण्यात जेवणखाण सोडून बसलेली. दर तासाला फोन. "बाबा, आप्पा काय म्हणाले?"

आप्पा म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या विमानातून आमची कांद्याची चाळ दाखवता का?"

सौ.ने मला स्वयंपाकघरात नेऊन दम दिला. "सुखरूप न्या, सुखरूप आणा, आणि तोंड कमी चालवा. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे!" आणि स्वतः जेवणाचा डबा घेऊन क्लबच्या ऑफिसात येऊन बसली.

जाताना सगळं झकास झालं. ऑक्टोबरचं लख्ख ऊन होतं. आप्पांनी वरून कांदे साठवायची स्वतःची चाळ ओळखली, शेजाऱ्याची ओळखली, शेजाऱ्याने बांध किती सरकवलाय तेही ओळखलं. माणूस खूश! मला वाटलं, जमलं. आणि जमलं असं वाटलं की माझ्यातला शहाणा जागा होतो. परत येताना मी ती, क्लबात सगळ्यांना मिरवून झालेली, डबी काढून काचेला चिकटवली.

"हे बघा आप्पा, नवीन तंत्रज्ञान. पाऊस कुठाय ते बसल्या जागी दिसतं. इगतपुरीकडे बघा, स्वच्छ!"

आप्पांनी टॅबलेटकडे बघितलं, मग काचेबाहेर बघितलं. इगतपुरीच्या बाजूने परतीच्या पावसाचा काळाकुट्ट ढग चढत होता.

"यात नाही," मी म्हणालो.

"पण त्यात हाय," आप्पांनी बाहेर बोट दाखवलं.

हे पावसाचं चित्र मोबाइलच्या नेटवर येतं आणि वर नेट येतं-जातं. म्हणजे मी बघत होतो ते मगाचचं आभाळ होतं. हे मला पुस्तकात शिकवलं होतं बरं का! पण खाली उतरायची घाई करायला हवी एवढं कळलं, आणि नेमकं तेव्हाच टॅबलेट ओरडला.

"ट्रॅफिक! ट्रॅफिक!"

नकाशावर आमच्या अगदी शेपटीला दुसरं विमान! उंची तीच, वेग तोच.  पोरीचा होणारा सासरा शेजारी बसलाय आणि मागून कोणीतरी धडकायला येतंय!

"आप्पा, मागे बघा, कोणी दिसतंय का?"

आप्पांनी मान मोडेस्तोवर वळवली. "कोणी नाय."

"नीट बघा!"

"नीटच बघतोय. पाव्हणं, एवढ्या महागाच्या गाडीला मागचा आरसा नाय का?"

मी डावीकडे सरकलो. तोही डावीकडे सरकला. मी हळू झालो, तोही हळू झाला. मी जरा खाली उतरलो, तर बेटा माझ्यामागोमाग खाली! कॉलेज रोडवर मागून चिकटणारे असतात ना, तसलाच कोणीतरी असणार, असं मला वाटलं. मी रेडिओ घेतला. हा रेडिओ जवळपासच्या सगळ्या वैमानिकांना ऐकू येतो, आणि क्लबच्या ऑफिसातही मोठ्या आवाजात चालू असतो, हे लक्षात ठेवा. मी तेवढं विसरलो होतो.

आधी इंग्रजीत अदबीने सांगितलं, की माझ्या मागच्या विमानाने आधी उतरावं, मी थांबतो. उत्तर नाही. मग त्याला वाट द्यायला मी धावपट्टीजवळ एक मोठी गोल चक्कर मारली. चक्कर संपवून बघतो तर तो पुन्हा मागेच! दुसरी चक्कर मारली. तोच प्रकार. ढग आता इतका जवळ आला होता की आप्पांनी खिशातून रुमाल काढून डोक्याला बांधला. विमानात!

तिसऱ्या चकरेला माझा संयम संपला आणि मी मराठीवर आलो.

"अहो महाशय! तीनदा वाट दिली तुम्हाला, उतरत का नाही? माणसाच्या अंगावर काय येताय? डोळे आहेत का बटणं? लायसन कोणी दिलं हो तुम्हाला?"

 रेडिओवर आमच्या कॅप्टन सरांचा आवाज आला, ज्यांनी मला विमान शिकवलं त्यांचा.

"शिकवलं मीच. आता पस्तावतोय."

"सर, मी त्या मागच्याला..."

"मागे कोणी नाही. पुढे कोणी नाही. अख्ख्या आभाळात तुम्ही एकटे आहात. मी हातात रेडिओ घेऊन अंगणात उभा राहून बघतोय, तीन चकरा झाल्या, कोणाला वाट देताय? त्या डबीत आपल्या विमानाचा नंबर टाकलात का?"

मला ते 'नंतर'चं बटण आठवलं.

"नंबर टाकला नाही तर तिला तुम्ही कोण ते कसं कळणार? तुमचंच विमान ती परकं म्हणून दाखवतेय. बंद करा ते, आणि भिजायच्या आत उतरा."

मी टॅबलेट बंद केला. माझ्यामागे लागलेलं विमान तिथल्या तिथे नाहीसं झालं. आप्पा माझ्याकडे बघत होते. कानाला हेडफोन असल्याने त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, गेली सोयरीक. पोरीला काय तोंड दाखवू? तेवढी भीती मला त्या विमानाचीही वाटली नव्हती.

चाकं जमिनीला लागली आणि पाऊस आला. ऑफिसात पोचेपर्यंत दोघेही ओलेचिंब. आत क्लबची सगळी मंडळी टेबलावर डोकी टेकवून हसत होती. फक्त सौ. हसत नव्हती. तिने आप्पांना टॉवेल दिला, मला नाही दिला.

आप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकून फुंकून प्यायला. मी भिंतीकडे बघत बसलो. फोन वाजत होता, मुग्धाचाच. उचलायचा धीर होईना.

"उचला की," आप्पा म्हणाले. "सांगा तिला, सोयरीक पक्की."

सौ.च्या हातातला डबा पडायचा राहिला. मी विचारलं, "आप्पा, एवढं सगळं बघूनसुद्धा?"

"अहो, घर बघायला आलतो, माणूस बघून झाला. जिथं कोणीच नाय तिथंबी जो तीनदा वाट देतो, तो लग्नात मानपानावरून कशाला आडवा येईल?"

मी मुग्धाला सांगितलं. ती रडली, मीही थोडा रडलो. थकव्याने असेल.

पुढे साखरपुडा झाला. हॉलच्या दारात आप्पा आणि मी एकदमच पोचलो. मागे अख्खं कळवण उभं. मी अदबीने बाजूला होऊन म्हणालो, "तुम्ही आधी, आप्पा."

आप्पा जागचे हलले नाहीत. माझ्या खांद्यावरून मागे वाकून नीट बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जातो की. पण आधी खात्री करा पाव्हणं, मागून तुम्हीच येत नाय ना?"