ऑक्टोपसची हृदयं

जेवण झाल्यावर वृंदा पाच मिनिटं म्हणून आडवी होते. पाच वाजता वाचनालयात सामान्यज्ञान स्पर्धेची अंतिम फेरी, आणि तिने आधीच ठरवून टाकलंय: नवी जोडीदार नंदा बोलेल, आपण तोंडाला कुलूप घालायचं. गेल्या वर्षी अंतिम फेरीतच विचारलं होतं, 'ऑक्टोपसला हृदयं किती?' तिचे तेव्हाचे जोडीदार बागवे मास्तर यांनी टेबलाखालून तीनदा टकटक केली. हिला वाटलं, घाई करतायत. 'एक' म्हणून मोकळी झाली. एका गुणाने करंडक गेला आणि दिवाळीत मास्तरही गेले. माफी मागायची राहूनच गेली.

डोळा लागतोय न लागतोय, तर पलंगाच्या कडेला मास्तर. मांडीवर चिंचोक्यांचा डबा. बरोबर उत्तराला एक चिंचोका, ही त्यांची सरावाची रीत.

"कबड्डीत मैदानावर एका बाजूक किती?"

"सात."

चिंचोका तळहातावर पडतो.

"मास्तर, गेल्या वर्षी मी..."

"आधी सवाल, मगे रडणा. ऊठ, चढाई तुझी."

पलंग नाहीच. पायाखाली आखलेली वाळू, डोक्यावर हिरवं पाणी, समोर धोतर खोचलेले मास्तर. वृंदा 'कबड्डी कबड्डी' घुमवत शिरते. शेजारून गरोदर समुद्रघोडा जातो.

"नर काय मादी?" मास्तर डिवचतात.

नर! समुद्रघोड्यांत पिल्लं नराच्या पोटात वाढतात, तिला ठाऊक आहे. पण बोललं तर दम तुटेल. तेवढ्यात मास्तर तिचा घोटा धरतात.

"ऑक्टोपसाक हृदयां किती?"

छाती फुटायला आलीय. ती वाळूत आडवी पडते, स्वतःला ओढते, बोटं मध्यरेषेला टेकवते आणि उरल्यासुरल्या दमाने ओरडते, "तीन! आणि तो नर, नर, नर!"

मास्तर पोट धरून हसतात. "हरलंय गो मी!"

"माफ केलंत?"

"टेबल नीट वाजवूक माकाच जमला नाय. आज तूच बोल, मोठ्यान."

वृंदाला इतका आनंद होतो की रडूच येतं.

फोन वाजतोय. चार वाजून दहा मिनिटं.

"वृंदाताई, निघालात ना?" नंदा विचारते.

"निघालेच. आणि ऐक, आज बझर माझ्या हातात."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात येतं, दुसऱ्या हाताची मूठ अजून आवळलेलीच आहे. ती उघडते. आत एक चिंचोका, ओला, वाळू लागलेला.