थोरली-धाकटीचं मंडळ उभारणाऱ्या मगदूमबाई

प्रा. शकुंतला मगदूम यांची आणि माझी पहिली भेट सांगलीच्या आमच्या महाविद्यालयात, प्रवेशाच्या रांगेत झाली. मी कोरेगावची, सातारा जिल्ह्याबाहेर प्रथमच राहायला आलेली. बाईंनी माझं नाव-गाव विचारलं आणि शेजारच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला, पलूसच्या वासंतीला सांगितलं, "ही तुझी धाकटी." वासंतीनं माझी ट्रंक उचलली आणि ती वसतिगृहाकडे चालूही लागली. काय चाललंय हे कळायच्या आत मी भगिनी मंडळाची सभासद झाले होते.

त्या बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. काय सांगू आणि काय नको, असं मला झालं आहे.

मंडळाची हकिकत आधी सांगायला हवी. बाई नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. त्यांच्या वर्गातली एक मुलगी यायची बंद झाली. त्यांनी चौकशी केली, तर ती का येत नाही हे एकाही मुलीला सांगता येईना. तिचं गावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. बाई पत्ता शोधत तिच्या घरी पोहोचल्या, तोवर तिचं लग्न होऊन गेलं होतं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सात मुलींना बसवून मंडळ सुरू केलं. प्रत्येक नव्या मुलीला वरच्या वर्गातली एक थोरली द्यायची, आणि त्या थोरलीला धाकटीचं घर, घरची माणसं, अडलेला विषय, सगळं माहीत असायला हवं, एवढाच नियम. सहली, हळदीकुंकू, स्नेहसंमेलनातली नाटकं पुढे आली. कोणतीही मुलगी कुणाच्या नकळत कॉलेजातून नाहीशी होऊ नये, यासाठी हे सारं होतं.

ते माझ्याच वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझं लग्न ठरवलं. सुट्टी संपली, मी परतले नाही. चौथ्या दिवशी दुपारी अंगणात घेवडा निवडत बसले होते, तर समोर बाई आणि वासंती. एसटी बदलत आल्या होत्या. मला रडूच फुटलं.

आबा फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांनी पाहुण्यांना चहा दिला, पण स्पष्ट सांगितलं, "आवं बाई, पोरगी शिकली तेवढं लय झालं. आमी शब्द दिलाय."

बाईंनी वाद घातला नाही. दीड वर्ष थांबता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं. आबांनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा वासंती हळूच म्हणाली, "काका, ट्रेनिंग अर्ध्यात सोडून घरी आलेल्या जवानाला तुमी काय म्हणत होता?"

आबांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "आन् तिकडं हिचं दुखलंखुपलं कोण बघनार?"

"मी हाय की," वासंती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आबा स्वतः मुलाकडच्यांना भेटायला गेले. ती माणसं थांबायला तयार झाली नाहीत, सोयरीक मोडली. आबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि ते मला फार लागलं. पण पदवीचा निकाल लागला तेव्हा गल्लीत पेढे त्यांनीच वाटले. आज मी त्याच महाविद्यालयात शिकवते.

बाई प्रेमळ होत्या असं म्हटलं, तर त्यांच्या विद्यार्थिनी हसतील. त्या भयंकर रागवत. मला कावीळ झाली तेव्हा त्यांनी मला आपल्या घरी नेलं, पंधरा दिवस पथ्याचं रांधून घातलं आणि बुडालेल्या तासांबद्दल रोज बोलणीही दिली! मंडळाला त्यांचं नाव देण्याचा ठराव त्यांनी उभ्या उभ्या फेटाळला. निवृत्तीनंतरही दर महिन्याला त्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सध्या कोण येत नाही?" गेल्या पावसाळ्यात कोयनानगरच्या एका मुलीचं नाव सांगितलं, तर काठी टेकत त्या माझ्याबरोबर तिच्या घरापर्यंत आल्या. ती मुलगी आता वर्गात आहे.

पंचाहत्तरीच्या सत्काराला होकार देताना बाईंनी एकच अट घातली आहे, प्रत्येकीनं आपली धाकटी बरोबर आणायची. त्यामुळे सभागृह अपुरं पडणार, आणि त्यावरूनही आम्हाला ऐकून घ्यावं लागणार. बाई, शंभरीच्या समारंभाचं आमंत्रण आताच देऊन ठेवते. तोवर तुमचे गुडघे, डोळे आणि आवाज धडधाकट राहोत, आणि तुम्ही आमच्यावर अशाच रागवत राहा.