दोन तटांच्या मधले चिंचोके

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी करंगळीच्या पेराएवढे सैनिक रंगवत बसतो, हे माझ्या संशोधन संस्थेत फारसं कुणाला ठाऊक नाही. दिवसभर कुठल्या उंदराला किती मिलिग्रॅम औषध द्यायचं ते ठरवणाऱ्या माणसाने संध्याकाळी डोळ्याला भिंग लावून रोमन शिपायाच्या ढालीला लाल रंग द्यावा, हे सांगायची मलाच लाज वाटते. बायको याला भातुकली म्हणते. तिचं अगदीच चुकत नाही. फक्त या भातुकलीला नियमांचं साठ पानी पुस्तक आहे, फासे आहेत, अंतर मोजायला टेप आहे, आणि दोन शहाणीसुरती माणसं तिच्यापायी आठ-आठ दिवस अबोला धरू शकतात.

दुसरा शहाणा म्हणजे हवाई दलातून निवृत्त झालेले एक कोल्हापूरकर. नोकरीने त्यांना देशभर फिरवलं आणि शेवटी इथे लखनौच्या सरोजिनी नगरला आणून सोडलं. आमची ओळख इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत झाली. आरती चालू असताना त्यांनी माझ्या कानात विचारलं होतं, की तुम्हाला हॅनिबलच्या हत्तींबद्दल काय वाटतं. असा माणूस परक्या गावात भेटला की त्याला सोडायचं नसतं. मी त्यांना सर म्हणतो, ते मला डॉक्टर म्हणतात. रविवारी सकाळी ते अख्खं शहर ओलांडून जानकीपुरमला माझ्या घरी येतात तेव्हा त्यांची रोमन फौज मिठाईच्या डब्यांत कापसावर निजलेली असते.

हा खेळ मला का आवडतो, ते सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी झालेली लढाई तशीच्या तशी मांडायची, तेवढेच सैनिक, तीच टेकडी, तीच नदी. आणि मग बघायचं, की तोच शेवट होतो का. प्रयोगशाळेत एक प्रयोग दहादा करता येतो, इतिहासात एकदाच. एकदाच झालेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. जे हरले ते हरायलाच हवे होते का, हे मला मनापासून जाणून घ्यायचं असतं.

त्या हिवाळ्यात आम्ही अलेशियाचा वेढा मांडायचं ठरवलं. गॉल म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या टोळ्या. त्यांची मोठी फौज अलेशिया नावाच्या टेकडीवरच्या गावात शिरली, आणि रोमनांनी टेकडीभोवती तटबंदी घातली. गॉलांच्या मदतीला बाहेरून दुसरी फौज येणार हे कळल्यावर रोमनांनी आपल्या पाठीशीही एक तट उभा केला, बाहेर तोंड केलेला. म्हणजे गावाला वेढा रोमनांचा, आणि रोमनांना वेढा बाहेरच्यांचा. महिनाभर लखनौतल्याच कपूरथला बाजारातून हिरवं कापड, थर्माकोल, आगकाड्या असा माल घरी येत होता. आगकाड्यांचे तट मी एकट्याने चिकटवले.

हे सगळं मांडलं होतं आईच्या खोलीत. खरं सांगायचं तर ती खोली आधी खेळाची होती. आई आल्यावर तिथे पलंग घातला, पण सहा फुटी प्लायवुडची फळी काही मी हलवली नाही. पलंग आणि फळी यांच्यात एक माणूस तिरका चालेल एवढी वाट होती, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई त्या वाटेने तिरकी चालत होती.

आई सोलापूरहून आली ती चार महिन्यांसाठी. तिथे तिने आणि वडिलांनी बांधलेलं घर पाडून धाकट्या भावाने त्या जागी इमारत बांधायचं ठरवलं, आणि ती होईपर्यंत आई माझ्याकडे, असा बेत होता. इमारत होऊन दीड वर्ष झालं होतं. मी भावाला फोन करून सांगायचो, की लखनौची थंडी तिला सोसत नाही. तो मला सांगायचा, की सोलापूरचा उन्हाळा आता तिला सोसणार नाही. आम्ही दोघं इतक्या काळजीने बोलायचो, की ऐकणाऱ्याला वाटावं काय गुणी मुलं आहेत. हे फोन मी गॅलरीत उभं राहून, हळू आवाजात आणि शक्यतो इंग्रजीत करायचो. तो रविवार उजाडला तेव्हा आमचं असं ठरत आलं होतं, की सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. आधी कुणाकडे, यावर गाडं अडलं होतं. भावाचा फोन त्याच संध्याकाळी यायचा होता.

आईला खेळाची गंमत वाटू लागली होती. आधी ती नुसती बघायची, मग प्रश्न विचारू लागली. यांचं पाणी कुठून यायचं, एवढी घोडी बांधायची कुठे, स्वयंपाक कोण करायचं. सरांना हे प्रश्न फार आवडायचे, कारण साठ पानी पुस्तकात त्यांची उत्तरं नव्हती. तिची नात, म्हणजे माझी मुलगी, मात्र दारातून डोकावून "आजी, आप भी शुरू हो गईं?" म्हणायची आणि आपल्या मोबाइलकडे परतायची.

त्या दिवशी सर रोमन आणि मी गावातले गॉल. वेढा म्हटला की आधी पोटोबा, म्हणून धान्याचा नियम मी स्वतः बसवला होता. एका वाटीत मूग. गावात माझे चोवीस सैनिक, आणि गावातली बायकामुलं, म्हातारीकोतारी दाखवायला बारा चिंचोके. म्हातारीकोताऱ्यांचे पुतळे काही कुठल्या डब्यात येत नाहीत. चिंचोके आईने नातीशी खेळायला म्हणून सोलापूरहून आणले होते, ते तसेच पुरचुंडीत पडून होते. दर फेरीला माणशी एक मूग वाटीतून काढायचा. मूग संपले की गाव पडलं. नियम सोपा, नीट मोजलेला. मला त्याचा अभिमान होता.

दुपारपर्यंत वाटीत चारच फेऱ्यांचे मूग उरले. बाहेरची फौज कधी येईल ते फाशांवर होतं. खऱ्या गॉलांनी अशा वेळी जे केलं ते मलाही खुलं होतं. लढू न शकणाऱ्यांना त्यांनी गावाबाहेर काढलं. चिंचोके बाहेर काढले तर तेच मूग सहा फेऱ्या पुरणार होते. मी वाटीकडे बघत होतो तेव्हा सर म्हणाले, "डॉक्टर, सोच लो. एकदा बाहेर काढले, की परत आत घेता येणार नाहीत."

मी बारा चिंचोके उचलले आणि टेकडीखाली, गाव आणि रोमन तट यांच्यामधल्या पट्टीत ठेवले. आता खेळी सरांची. त्यांनी तट उघडून त्यांना घ्यायचं की नाही, हे त्यांच्यावर होतं. सरांनी मान हलवली. खऱ्या रोमन सेनापतीने घेतलं नव्हतं आणि ती माणसं तिथेच उपाशी मेली होती; सरांनीही घेतलं नाही. चिंचोके हिरव्या कापडावर तसेच राहिले आणि आम्ही पुढे खेळू लागलो.

थोड्या वेळाने आईने पलंगावरून विचारलं, की यांची खेळी कधी येते. मी म्हटलं, त्यांना खेळी नसते. मग तिने विचारलं, की बाहेर काढलेली ही माणसं होती तरी कुठली. मी नियमाचं पुस्तक बाजूला ठेवून सांगितलं, की गाव त्यांचंच. फौज नंतर आली, यांनी तिला आत घेतलं.

आईने खात्री करून घेतली, की घर यांचं आणि बाहेरही हेच. मी हो म्हणालो. तिने "घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसं झालं की रे त्यांचं," म्हटलं. सर हसले. मीही हसलो. मला तेव्हाही कळलं नव्हतं.

तिथून पाचव्या फेरीला फासा पडला आणि बाहेरची फौज आली. मी खूश. सरांनीही मोठ्या मनाने कबूल केलं, की चिंचोके काढले नसते तर चौथ्या फेरीलाच माझी वाटी रिकामी झाली असती, म्हणजे निर्णय कठोर होता पण बरोबर होता. शास्त्रज्ञाला एवढंच हवं असतं. मी वहीत तसं लिहायला घेतलं.

आईने विचारलं, मूग कसे धरले होते. मी सांगितलं, माणशी एक.

"म्हाताऱ्यालाही एक? लढणाऱ्या गड्याएवढा?"

मी म्हटलं, सोपं पडावं म्हणून सगळ्यांना सारखा धरला.

"किती खातंय रे म्हातारं माणूस? माझं ताट रोज समोर असतंय की तुझ्या."

ताट समोर असायचं, हे खरं. रोज रात्री आम्ही चौघं एकाच टेबलावर जेवायचो. पण आई किती जेवते ते मला आठवेना. मी फार प्रयत्न केला. उंदराने दिवसात किती ग्रॅम खाल्लं ते मी रोज सकाळी लिहून घेतो, एक दिवस चुकला तर खालच्या पोरांना फैलावर घेतो. आईची अर्धी पोळी होती की पाऊण, भात घेते की नाही, काही आठवेना. ती पुढे म्हणाली, की पोरांचंही वेगळं काही लागत नाही, आई आपल्यातलं देते. तीन माणसांमागे एक मूग धरायचा होतास.

मी वहीत मांडलं. बारा चिंचोक्यांना चारच मूग. चोवीस आणि चार अठ्ठावीस. चिंचोके काढले तेव्हा वाटीत एकशे चव्वेचाळीस मूग होते. अठ्ठावीसने भागलं. पाच फेऱ्या निघत होत्या, वर चार मूग उरत होते. पाचव्या फेरीला फौज आलीच होती. म्हणजे बाहेर कुणालाच काढायची गरज नव्हती. मी दोनदा भागून बघितलं. सरांनी वही ओढून घेतली आणि तिसऱ्यांदा भागलं.

मला शरम वाटली, आणि गंमत म्हणजे आधी वाटली ती नियम चुकल्याची. डोकी मोजली होती, खाणं मोजलंच नव्हतं. ज्याला घरातून काढायचं त्याचं ओझं आपण आधी मनात वाढवून घेतो, हे माझ्या लक्षात यायला अजून दोन मिनिटं होती.

आई उठली, पलंग आणि फळीच्या मधून तिरकी चालत टेबलाच्या कडेपर्यंत आली. तिने सरांना विचारलं, की तुम्ही का घेतलं नाही यांना आत. सरांनी फार सरळ उत्तर दिलं. घेतलं असतं तर त्यांना खायला घालावं लागलं असतं, आणि रोमनांच्याही पाठीशी वेढा होताच, काकू. आईने मान डोलावली. तिला पटलं असावं.

"म्हणजे तुमचंही बरोबर आणि ह्याचंही बरोबर," ती म्हणाली. "दोन घरचा पाहुणा उपाशी."

ही म्हण मी लहानपणापासून हजार वेळा ऐकली असेल. ती कुणाबद्दल आहे याचा विचार कधी केला नव्हता. आई चिंचोक्यांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, की दोघंही बरोबर असताना ती माणसं कशी काय मेली. सर इतकी वर्षं फौजेत काढलेला माणूस, त्यांना हवा बदललेली लगेच कळते. चहाचं बघतो म्हणून ते स्वयंपाकघरात बायकोशी बोलायला गेले.

आईला मी विचारलं, की भावाशी फोनवर बोलतो ते तुला ऐकू येतं का.

"येतंय की," ती म्हणाली. "इंग्रजीत बोलतोस तेव्हा जरा मोठ्याने बोलतोस."

मग मी ते विचारलं, जे मी आणि भावाने दीड वर्षात एकदाही विचारलं नव्हतं. तुला कुठे राहायचंय. मला वाटलं होतं, ती म्हणेल की तुम्ही ठरवाल तसं, कारण आया तसं म्हणतात, आणि तसं म्हटलं की मुलं सुटतात. आईने तसं म्हटलं नाही. तिने फळीच्या कडेला हात टेकवला, जरा विचार केला आणि मलाच विचारलं.

"इथंच राहते म्हटलं, तर हो म्हणशील?"

याला आता दोन वर्षं होतील. आई इथेच आहे. फळी बैठकीच्या खोलीत गेली, आणि पाहुणे आले की आम्ही त्यांना रोमनांच्या शेजारी बसवतो. भावाला मी त्या संध्याकाळी फोन केला तो घरात बसून, मराठीत. बायकोही म्हणाली, की बरं झालं. सगळं नीट झालं असं कुणालाही वाटावं. मी हो म्हणालो होतो. पण तिने विचारल्यावर मी लगेच हो म्हणालो नव्हतो. मधे काही वेळ गेला, आणि तेवढा सगळा वेळ ती माझ्या तोंडाकडे बघत होती.