सीलने शिवलेला घास

माणूस गेल्यावर त्याचं काहीही मागे उरत नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. हा विश्वास मी लंडनमधल्या ईलिंगमध्ये बसून बाळगतो... आणि श्राद्धाचं जेवण असलं की साउथहॅम्प्टनला वेळेवर पोचतो.

गेल्या सप्टेंबरात तिथे माझ्या काकांचं वर्षश्राद्ध होतं. तिथी बुधवारी येत होती. सगळ्यांच्या सोयीसाठी ती रविवारी आणली. काकूंनी कावळ्यासाठी भाताचा घास गार्डनमध्ये ठेवला. कावळे आले, फेन्सवर बसले, बघत राहिले. शिवायला एकही तयार नाही. याचा अर्थ आपल्याकडे एकच – गेलेल्याच्या मनात काहीतरी राहिलंय. काय राहिलंय ते सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी घरासमोर विक्रीचा बोर्ड लागणार होता आणि काकू मुलाकडे, निखिलकडे, ब्रॅकनेलला राहायला जाणार होत्या. त्यांना जायचं नव्हतं. तसं त्या बोलत नव्हत्या, आणि कोणी विचारतही नव्हतं.

दुपारची बोट मात्र बुक होती. किनाऱ्यावरच्या दलदलीत सील बघायला नेतात, ती टूर. काका घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे न्यायचे, म्हणून निखिलने ती त्यांच्या आठवणीखातर ठेवली होती. घासाला कावळा शिवल्याशिवाय काकू जेवायला तयार नव्हत्या. वाटेत एखादा समजूतदार कावळा भेटेल म्हणून त्यांनी तो आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घातला आणि डबा मांडीवर घेऊन बोटीत बसल्या.

स्किपरने आधीच बजावलं की सीलना काही खायला घालायचं नाही; आणि मगरी बघायच्या असतील तर फ्लोरिडाला जा. हा विनोद तो रोज करत असावा. ओहोटी होती. चिखलावर सील पेन्शनरांसारखे पसरले होते. स्किपरने इंजिन बंद केलं, तसा त्यातला एक घसरत पाण्यात उतरला, सरळ काकूंच्या बाजूला आला आणि डोकं वर काढून त्यांच्याकडे बघत राहिला.

काकूंनी झाकण काढून डबा बोटीच्या काठावर धरला. हळूच म्हणाल्या, "अहो, मी निखिलकडे नीट राहीन. काळजी नका करू."

सील हलला नाही.

निखिल इथे जन्मलेला, असल्या गोष्टींना हसणारा. तो म्हणाला, "आई, त्याला सांग ना, घर विकलं तरी बाबांचे सगळे फोटो आपण नेणार."

सीलने बुडी मारली... आणि परत तिथेच वर आला.

काकूंनी डबा आणखी खाली, पाण्याजवळ नेला. मग म्हणाल्या, "बरं. नाही विकत घर."

सीलने मान उंचावली, भाताला नाक लावलं आणि निघून गेला. खाल्लं काहीच नाही. स्किपर बघत होता. आपला नियम मोडला की नाही, हे त्याला ठरवता येत नसावं.

परतताना मी सगळी कारणं लावून पाहिली. सील चौकस असतात. भातावर तूप होतं. काकू ते वाक्य कधीतरी बोलणारच होत्या. हे सगळं मला मान्य आहे. पण सील थांबला तो नेमका ते वाक्य संपेपर्यंतच.

बोर्ड लागला नाही. काकू त्याच घरात राहतात, आणि निखिल दर शनिवारी ब्रॅकनेलहून येऊन लॉन कापतो.